देणारा कोण, घेणारा कोण?

वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. कंपनीतला तुमचा मित्र गावच्या जत्रेहून परतला. घरच्यांनी नवसाचा बोकड दिला होता. त्याचं वर्णन ऐकून तुम्ही नाक मुरडलंत. तेव्हा तो म्हणाला, "आमची देवी बोकडावर भागवते. तुमच्या देवाला तर पोटचा पोरगा लागला!" आणि वर म्हणाला, "एकदा विश्वास ठेवला की सगळं माफ, म्हणजे पुन्हा करायला मोकळे." तुम्हाला उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारी उपासनेत कोकऱ्याच्या रक्ताचं गीत लागलं, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, असं तुम्ही लिहिता.

नाक मुरडायला नको होतं, हे पहिलं. ज्या इस्राएली लोकांच्या वेदीसमोर शतकानुशतकं गोऱ्हे आणि मेंढरं कापली गेली, त्यांचाच ग्रंथ आपण उशाशी घेऊन झोपतो. दुसरं, तुमच्या मित्राच्या डोक्यातलं चित्र त्याने स्वतः काढलेलं नाही. ते आम्ही प्रचारकांनी काढून दिलं. पस्तीस वर्षं मी पाळकी केली, पुढे होतकरू पाळकांना शिकवलं. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीही तेच चित्र रंगवत होतो.

रेल्वेच्या पुलाची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पूल वर उचलणारा आणि खाली आणणारा एक माणूस. गाडी येते आहे, पूल खाली आणायचा आहे, आणि त्याचा लहान मुलगा खेळता खेळता यंत्राच्या दात्यांत जाऊन बसला आहे. बाप खटका ओढतो. मुलगा चिरडतो, गाडी सुखरूप निघून जाते, आतले लोक पत्ते खेळत असतात. एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी ही गोष्ट सांगितली. मंडळी रडली. उपासना संपल्यावर एक बाई थांबल्या. त्यांचा तरणा मुलगा दोन वर्षांपूर्वी विहिरीत गेला होता. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्या पोराला कुणी विचारलं होतं का?" मी गप्प. जाता जाता म्हणाल्या, "आणि गाडीतल्या लोकांचं पुढं काय झालं?"

तुमच्या मित्राचे दोन्ही प्रश्न यात आले. मुलाची संमती नाही, त्याला काही ठाऊकच नाही, म्हणजे तो बळी गेला, त्याने काही दिलं नाही. आणि गाडीतले लोक आधी होते तसेच पत्ते खेळत पुढे गेले. पुलाची गोष्ट नेमकी जिथे मोडते, तिथेच शुभवर्तमान उभं आहे. त्या दिवसानंतर ती गोष्ट मी कधी सांगितली नाही.

आता मुळापासून बघू. देवाला रक्ताची भूक आहे का? ५० व्या स्तोत्रात देव जवळजवळ चेष्टाच करतो: मला भूक लागली तर मी तुला कशाला सांगू, सगळं जग माझंच आहे, बैलांचं मांस मी खातो की काय? मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायात भक्त पायरी पायरीने बोली वाढवत नेतो. वर्षाची वासरं देऊ? हजारो मेंढे देऊ? तेलाच्या नद्या देऊ? की माझ्या अपराधासाठी पहिला मुलगा देऊ? उत्तर येतं: न्यायाने वाग, दयेची आवड धर, नम्रतेने देवाबरोबर चाल. यिर्मया तर सांगतो की मुलांना आगीत टाकणं देवाच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. अब्राहामाने इसहाकावर सुरी उचलली तेव्हा हात अडवणारा देवच होता, आणि झुडपात अडकलेला मेंढाही त्यानेच पुरवला. "तुमच्या देवाला पोरगा लागला" या वाक्याला जुन्या कराराने असं आधीच उत्तर देऊन ठेवलं आहे.

मग यज्ञ कशाला होते? लेवीय हे पुस्तक आपल्याकडे कुणी वाचत नाही. वर्षभरात बायबल वाचायचा संकल्प इथेच मोडतो. पण त्याच्या पाचव्या अध्यायात एक वचन आहे, ते तुमच्या मित्राला जरूर दाखवा. पापासाठीचं अर्पण म्हणून शेळी किंवा मेंढी आणावी. परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे आजच्या मापाने साधारण दोन लीटरचं माप भरेल इतकं पीठ. त्यावर तेल नाही, धूप नाही. आणि त्या पिठानेही क्षमा होते, असं स्पष्ट लिहिलं आहे. रक्ताचा थेंब नाही! इब्री लोकांस पत्रात "रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही" हे वाक्य आपण तोंडपाठ म्हणतो, पण त्याच वचनात आधी "बहुतेक" अशा अर्थाचा शब्द आहे, तो खाऊन टाकतो. पत्र लिहिणाऱ्याला गरिबाचं पीठ माहीत होतं.

रक्ताबद्दलचं कळीचं वचन त्याच पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात, अकराव्या ओवीत. शरीराचा जीव रक्तात आहे, आणि ते रक्त तुमच्या प्रायश्चित्तासाठी वेदीवर "मी तुम्हाला दिलं आहे." बोलणारा देव आहे. क्रियापदाचा कर्ता बघा. माणूस देवाला काही देतोय असं वरून दिसतं, पण देव म्हणतो की ही सोय मी तुम्हाला दिली. मी शिकवायला उभा राहायचो तेव्हा फळ्यावर एवढंच लिहायचो: देणारा कोण?

सोळाव्या अध्यायातला प्रायश्चित्ताचा दिवस, ज्यू लोकांचा योम किप्पूर, सातव्या महिन्याची दहावी तारीख. महायाजक भरजरी वस्त्रं उतरवून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा. मग दोन बकरे, त्यांवर चिठ्ठ्या. एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडायचा. आपल्या मराठीत 'बळीचा बकरा' म्हणतो ना, दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथी मारला तो? लेवीयात मात्र दोष ज्याच्या डोक्यावर ठेवले जातात तो बकरा कापलाच जात नाही. महायाजक दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून लोकांची सगळी पापं उच्चारतो आणि त्याला जिवंत रानात सोडून देतात. ती पापं वाहून दूर नेली जातात. जो बकरा कापला जातो, त्याचं रक्त पडद्याआड, कराराच्या कोशाच्या, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीच्या, झाकणावर शिंपडतात, लोकांच्या अशुद्धतेने विटाळलेलं पवित्रस्थान शुद्ध व्हावं म्हणून. त्या रक्ताने घर धुतलं जातं. (पुढे मंदिराच्या काळात जिवंत बकऱ्याला कड्यावरून ढकलायची पद्धत पडली, असं मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात आहे. माणसाला वाटतंच, न जाणो, परत आला तर!) बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून "जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा" म्हणाला, त्यातलं 'हरण करणं' उचलून दूर नेणंच आहे. कोकरा आणि तो रानातला बकरा, दोन्ही चित्रं एका वाक्यात.

त्या झाकणाला मराठी बायबलात 'दयासन' म्हटलंय. हा शब्द मला फार आवडतो. ग्रीकमध्ये त्याला 'हिलास्तेरिओन'. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात हा ग्रीक शब्द येतो तिथे आपण दयासन वाचतो. तोच शब्द पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्तासाठी वापरला, तिथे मराठीत 'प्रायश्चित्त' आलं. चूक झाली असं म्हणत नाही, दुसरा शब्द भाषांतरकारांनी आणायचा कुठून? पण प्रायश्चित्त हा शब्द आपल्या घरात आधीपासून राहत होता. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घेतो तो दोषी माणूस. चांद्रायण त्याने करायचं, कृच्छ्र त्याने करायचं, पंचगव्य त्याने प्यायचं. कर्ता ठरलेला आहे. पौलाच्या वाक्यात कर्ता उलटा: "देवाने त्याला पुढे ठेवले." ज्याच्याविरुद्ध अपराध झाला, तोच प्रायश्चित्ताचं साहित्य घेऊन येतो. हे मराठी कानाला विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. पहिल्या शतकातल्या कानालाही वाटलं असणार. देवांना प्रसन्न करायला माणसं काय काय करतात हे ग्रीकांना पुरेपूर ठाऊक होतं. देवच पुढाकार घेतो, ही बातमी नवी होती.

'बळी' या शब्दाचं तर आपल्या भाषेने भलतंच काम सोपं केलंय. "घाटात अपघात, तीन बळी" असं वर्तमानपत्रात येतं, तिथे कुणी कुणाला काही अर्पण केलेलं नसतं. अन्यायाने, हलगर्जीने मारला गेलेला तोही बळी, आणि वेदीवर चढवलेला तोही. क्रुसावर दोन्ही एका देहात आहेत. माणसांच्या बाजूने पाहिलं तर येशू वर्तमानपत्रातला बळी: याजकांचं राजकारण, जमावाचा ओरडा, पिलात नावाच्या रोमी अधिकाऱ्याची हात धुण्याची तयारी. पहिले प्रेषित यरुशलेमेत उभं राहून हेच सांगत होते, तुम्ही त्याला मारलं, देवाने त्याला उठवलं. मारणं कुणाचं आणि उठवणं कुणाचं, यात त्यांनी गल्लत केली नाही. आणि येशूच्या बाजूने पाहिलं तर ते अर्पण. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो, माझा प्राण माझ्यापासून कुणी घेत नाही, मी होऊन तो देतो. त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर इथे आहे. हो, त्या मुलाला विचारलं होतं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत, त्याच्या प्रार्थनेत, तेच चाललं होतं.

आणि तो देवाहून वेगळा असा कुणी तिसरा माणूस नव्हता. पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्तामध्ये देव जगाचा स्वतःशी समेट करत होता. बाप रागावून बसलाय, मुलगा मधे पडून मार खातोय, असं चित्र काढलंत की त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव, हा सिद्धांत तिथेच मोडतो. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात शिक्षेची भाषा आहे, ती मी पुसत नाही. पण ती शिक्षा न्यायाधीशाने बाहेरचा माणूस पकडून त्याच्यावर लादलेली नाही. ती त्याने स्वतःवर घेतली.

मार्काच्या दहाव्या अध्यायातला 'खंडणी' हा शब्द मात्र आज त्रास देतो. शिवकाळाच्या इतिहासात तो ठीक वाटतो, पण हल्लीच्या बातम्यांत खंडणी म्हणजे गुंड बिल्डरला फोन करतो ते. मूळ अर्थ गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवायला मोजलेली किंमत. पण मग मोजली कुणाला? चौथ्या शतकातला नाझियान्झचा ग्रेगरी, आजच्या तुर्कस्तानातला, ईस्टरच्या एका भाषणात हाच प्रश्न विचारतो. सैतानाला दिली म्हणावी, तर लुटारूला देवच मोबदला म्हणून मिळाला, हे लाजिरवाणं. पित्याला दिली म्हणावी, तर ज्याने इसहाकसुद्धा स्वीकारला नाही, त्याला पुत्राच्या रक्तात कसला आनंद? तुमच्या मित्राची शंका सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने चर्चमध्ये उभं राहून मांडली होती, हे त्याला सांगा. त्याला बरं वाटेल.

पुढच्या लोकांनी आपापल्या काळाची भाषा वापरली. कँटरबरीच्या अन्सेल्मने १०९८ च्या सुमारास सन्मान आणि त्याची भरपाई या भाषेत मांडलं. सरंजामी जगात ते चटकन समजत होतं. त्याच्यानंतरच्या पिढीतल्या अबेलार्डने भर दिला प्रेमावर, क्रूस पाहून माणसाचं मन पाझरतं यावर. सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्विन वकिलीचं शिक्षण घेतलेला, त्याच्याकडे कोर्ट आलं. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांना कोर्टापेक्षा तुरुंग फोडण्याचं चित्र जवळचं वाटलं. यांतला अमुकच सिद्धांत खरा, असा निकाल प्राचीन विश्वपरिषदांपैकी एकीनेही दिलेला नाही. ख्रिस्त कोण यावर त्या भांडल्या, पण त्याचं मरण नेमकं कसं काम करतं याचं एकच सूत्र बांधलं नाही. ते शहाणपण होतं असं मला वाटतं. औषध कसं लागू पडतं यावर डॉक्टरांत वाद असले तरी रोगी उठून बसतो.

उठून बसण्याकडे येतो, कारण दुसरा प्रश्न तिथला आहे. इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमध्ये (आता ती मशीद आहे) चौदाव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त, पायाखाली मोडलेली दारं, विखुरलेल्या कड्या-कुलपं, आणि दोन्ही हातांनी तो आदाम आणि हव्वेला थडग्यांतून अक्षरशः ओढून काढतोय. नीट पाहिलं तर त्याने त्यांना हाताने धरलेलं नाही, मनगटाने धरलंय. बुडणाऱ्याला असंच धरतात. त्याच्या पकडीवर आपण विसंबत नाही, आपली पकड घट्ट ठेवतो. पूर्वेच्या मंडळ्यांत ईस्टरचं चित्र हेच. आपण पाश्चात्य मिशनऱ्यांकडून शिकलेले लोक शुक्रवारी दुपारी बारा ते तीन बसून येशूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकतो, रडतो, आणि रविवारी पहाटे कबरस्थानात मेणबत्त्या लावून दोन गाणी म्हणून चहा प्यायला जातो. शुक्रवारला तीन तास आणि रविवारला पाऊण तास. "माफ झालं, आता मोकळे" हा समज या हिशेबातून येतो, असं माझं मत आहे.

पौलालाही हा टोमणा मारला गेला होता: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो उत्तरादाखल नियमांची यादी देत नाही. तुमचा बाप्तिस्मा आठवा, म्हणतो. तिथे तुम्ही मेलात, पुरले गेलात. मेलेला माणूस जुन्या धन्याची चाकरी कशी करील? सुरुवातीच्या मंडळीत हे अंगाला कळायचं. ईस्टरच्या रात्री कपडे उतरवून पाण्यात उतरायचं, तीनदा पाण्याखाली जायचं, वर आल्यावर नवं वस्त्र. काही ठिकाणी नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना दूध आणि मध द्यायचे. नवजात बाळ, आणि वचनदत्त देशातलं पहिलं जेवण, दोन्ही एकदम. बाप्तिस्म्याच्या कुंडाला अनेकदा आठ बाजू असत. सात दिवसांत जग झालं, आठवा दिवस पुनरुत्थानाचा, नव्या उत्पत्तीचा.

ख्रिस्ताचं मरण मला माफीची पावती देतं आणि पुढचं माझं मी बघायचं, असं नव्या करारात कुठे नाही. त्याच्या मरणात मला ओढून घेतलंय, म्हणून त्याच्या जगण्यातही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतो, ते मराठी माणसाला बाहेरून आणावं लागत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना तिथल्या सिस्टर्सनी लंडनच्या फुलहॅम भागात 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या होत्या त्यांत अशा बायकांसाठी दया त्यांना कुठे आढळली नव्हती. त्यांनी एका सिस्टरला कारण विचारलं. सिस्टरने विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत हे लिहून ठेवलंय. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त गवसायला पुढे आठेक वर्षं गेली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी तशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभं केलं. सिद्धांत त्यांना घरातून उलगडला, आणि घरातच उतरला.

माफी मिळाली की परिणाम पुसले जातात, असंही नाही. शेजारच्या क्रुसावरच्या, पश्चात्ताप केलेल्या चोराला येशूने सुखलोकाचं वचन दिलं. पण तो क्रुसावरून खाली उतरला नाही. संध्याकाळी शिपायांनी येऊन त्याचे पाय मोडले. आपले लोक 'केलेलं भोगावंच लागतं' म्हणतात, त्यात एवढं खरं आहे. फरक इतकाच की त्याच्या शेजारी कुणीतरी टांगलेलं होतं.

शेवटी बांधाची हकिगत, आणि थांबतो. माझ्या एका मंडळीत दोन सख्खे भाऊ होते. थोरल्याने दहा-बारा वर्षांत नांगरता नांगरता धाकट्याचा बांध कोरत नेला होता. गावाला माहीत, बोलायचं कुणी नाही. एका संजीवन सभेत थोरल्याचं मन फिरलं. उभा राहून रडला, प्रभूने माझी सगळी पापं धुतली म्हणाला. धाकटा मागच्या रांगेत बसला होता, तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी थोरला प्रभुभोजनाबद्दल विचारायला माझ्याकडे आला. मी त्याला लेवीय सहावा अध्याय वाचायला लावला: शेजाऱ्याला फसवलं असेल तर पूर्ण परत कर, वर पाचवा हिस्सा दे, आणि मग अर्पण घेऊन ये. ज्यूंच्या मिश्नातही असंच आहे, माणसामाणसातल्या अपराधाला योम किप्पूर प्रायश्चित्त करत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट द्यायचं कबूल केलं, तेही येशू आधी आपणहून त्याच्या घरी उतरल्यावर. हा क्रम थोरल्याला मी दोनदा सांगितला. हे दिल्याने तुला क्षमा मिळणार नाही, ती मिळालीय म्हणून तुझ्या हातून हे सुटेल.

महिनाभर तो फिरकला नाही. मग सरकारी मोजणी आणली, स्वखर्चाने. पट्टा फार नव्हता, पण भर मोजणीत सगळ्या गावासमोर खुणेचे दगड मागे सरकवायचे, ही सोपी गोष्ट नाही. वरचा पाचवा हिस्सा जमिनीचा धरायचा की इतक्या वर्षांच्या पिकाचा, हे त्याने मला विचारलं. मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, धाकट्याला विचार. तो गेला. दोघं भाऊ ओट्यावर बसून कितीतरी वेळ आकडेमोड करत होते, असं धाकट्याच्या बायकोने नंतर सांगितलं. सहा पोती ज्वारीवर जुळलं. धाकटा पुढे वर्षभर चर्चमध्ये आला नाही, पण ज्वारी मात्र त्याने ठेवून घेतली.